उपरण्यातले दगड

छापील कागद हातात आला की मी आधी त्यातली चूक वाचते आणि मग मजकूर. लग्नपत्रिका असो नाहीतर औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, डोळे आपोआप ऱ्हस्व-दीर्घावरून फिरत जातात. कराडच्या सुमुद्रा छापखान्यात मी बाविसाव्या वर्षी मुद्रितशोधक म्हणून लागले, तेव्हा शिशाचे खिळे होते. कंपोझिटर महादूअण्णा मजकूर जुळवायचे, कागदाच्या लांबलचक पट्टीवर त्याची गॅली निघायची आणि मी लाल शाईनं तिच्यावर खुणा करायची. शाईचा आणि रॉकेलचा तो वास अजूनही कधीतरी नाकाशी येतो आणि उगाचच बरं वाटतं.

पुढे खिळे गेले, छापखाना गेला, महादूअण्णा गेले. मी राहिले. साठी उलटल्यावर वेळ जाईना म्हणून लोककोशात शिरले. कुणीही लिहावा आणि कुणीही दुरुस्त करावा असा हा संगणकावरचा ज्ञानकोश. मी आले तेव्हा लोक तो नुसता वाचत असत. आता घरातली बोलकी यंत्रं, शाळांतले फळे, गावोगावचे माहितीफलक, सगळे त्यातूनच बोलतात. सकाळी कुणी तिथं एक शब्द चुकीचा लिहिला तर संध्याकाळपर्यंत तो लाखो कानांत गेलेला असतो.

म्हणून आमचे नियम कडक. पहिला असा की जे लिहाल त्याला छापलेला, विश्वासार्ह संदर्भ द्या. तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे एवढ्यावर भागत नाही. दुसरा, समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चाला. वाद मजकुराशी घाला, माणसाशी नको. बाकीचे पन्नासेक नियम या दोघांची पोरंबाळं. तिथं माझं नाव ‘काना-मात्रा’, त्यामुळे सगळे मला मात्राकाकू म्हणतात. बावीस वर्षांत मी कुणाला एक वाकडा शब्द लिहिला नाही. आमच्यात भांडणं सोडवणाऱ्याला प्रचालक म्हणतात. मिरजेचा फिरोज मुजावर हा आमचा प्रचालक. तो एकदा म्हणाला होता, “काकू, तुम्ही माणसाला इतक्या गोडीनं बाहेर काढता की तो आभार मानून जातो.” मी ते कौतुक समजले होते.

मोरघळ नावाच्या गावाचं पान माझ्या देखरेखीखाली होतं. सातारच्या डोंगरातलं गाव. पान छोटंसं, त्यात महत्त्वाची दोनच वाक्यं: ‘१८९६ च्या दुष्काळात धोंडी गुरव याने डोंगरातल्या झऱ्यापासून गावापर्यंत दीड मैल दगडी पाट आणला. उपरण्यात दगड भरून तो एकटाच हे काम करी.’

‘घळकरीण’ नावाची एक सदस्य येऊन ‘याने’चं ‘हिने’ करायची, ‘तो एकटाच’चं ‘ती एकटीच’ करायची आणि ‘उपरण्यात’ खोडून ‘पदरात’ लिहायची. मी ते पूर्ववत करायची. तीन वर्षांत असं अकरा वेळा झालं. तिचं म्हणणं, धोंडी ही त्यांच्या घरातली बाई, नवसानं झालेल्या पोरीचंही नाव त्यांच्याकडे धोंडी ठेवतात, सासरची पणजी सांगायची. मी दर वेळी चर्चापानावर, म्हणजे लेखाच्या पाठीमागं जिथं आम्ही एकमेकांशी बोलतो तिथं, माझा ठरलेला मजकूर ठेवायची: ‘आपल्या योगदानाबद्दल मनापासून आभार. तथापि घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी हा संदर्भ धरता येत नाही. कृपया छापील संदर्भ द्यावा.’

एकदा तिनं खाली लिहिलं, ‘मग पणजीनं छापखाना काढायला हवा होता का?’

त्यावर मी हसल्याचंही आठवतं. माझ्या बाजूला त्रेसष्ट संदर्भ होते. जिल्ह्याची माहितीपुस्तकं, चौथीचं पूरक वाचन, वृत्तपत्रांच्या पुरवण्या, पाण्याच्या इतिहासावरचा एक जाडजूड प्रबंध. सगळ्यांत ‘याने’. तिच्या बाजूला एक पणजी. अकराव्या खेपेनंतर तिला तीन महिने संपादनाची बंदी करावी अशी शिफारस मी फिरोजकडे केली. अतिशय सभ्य भाषेत.

त्याच सुमारास कुळी आली.

कुळी हे यंत्र काय करतं ते सांगायचं तर जुन्या पोथ्यांपासून सुरुवात करावी लागेल. दोन पोथ्यांत एकच बरोबर मजकूर सापडला तर त्यावरून काही कळत नाही, कारण बरोबर काय ते कुणीही लिहील. पण दोन्हींत एकच चूक सापडली, तर एक दुसरीवरून उतरवलेली असणार, नाहीतर दोन्ही एखाद्या तिसरीवरून. घराण्यातलं नाक जसं पिढ्यान्‌पिढ्या ओळखू येतं तशी चूक ओळखू येते. पोथ्यांचे अभ्यासक हे काम हातानं करत, एका ग्रंथाला आयुष्य जाई. तोवर सगळी ग्रंथालयं, वर्तमानपत्रं, स्मरणिका, पत्रकं संगणकात चढली होती. कुळी त्या कोट्यवधी पानांवर तेच काम क्षणात करायची. अकारण बदललेला आकडा, विचित्र जागी पडलेला स्वल्पविराम, दहा शब्द चालले असते तिथं निवडलेला एक नेमका शब्द, अशा खुणा जुळवून ती प्रत्येक विधानाचं झाड काढायची. मुळं अनेक असली तर वाक्य हिरवं दिसे. एकच मूळ असलं तर पिवळं.

पिवळं म्हणजे खोटं नव्हे. कुळी कूळ सांगते, खरंखोटं सांगत नाही. पण पहिल्याच आठवड्यात निम्मा लोककोश हळदीनं माखल्यासारखा झाला. एका किल्ल्यावरचं भुयार सत्तावीस पुस्तकांत होतं, ती सत्तावीस एका सहलीच्या पत्रकातून निघाली. दोन प्राध्यापक वीस वर्षं एकमेकांचा हवाला देत आले होते आणि दोघांच्याही खाली जमीन नव्हती. ते पूर्वी रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जात, आता वेगवेगळे जातात असं ऐकलं. मला मात्र मजा वाटत होती. आयुष्यभर चुका शोधलेल्या बाईला चुकांवर चालणारं यंत्र मिळालं होतं.

एका सकाळी फिरोजचा फोन आला. मोरघळला पाटाच्या तोंडाशी बोलता फलक लागणार होता. आठ दिवसांनी लेखाचा मजकूर गोठवून फलकात भरणार. धोंडीचं चित्र आणि आवाज यंत्र त्या मजकुरावरूनच घडवणार, आणि मग निदान वीस वर्षं तो फलक तेच बोलणार. बंदीचा निर्णय देण्याआधी त्यानं त्या वाक्यांचं झाड काढून पाहिलं होतं.

“काकू, त्रेसष्ट फांद्या आणि मूळ एकच,” तो म्हणाला. “मोरघळच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, १९८० सालची. शेडगे गुरुजींचा लेख.”

सगळे तिथूनच आले हे कुळीनं कशावरून ठरवलं, असं मी विचारलं.

“एका शब्दावरून. उपरण्यात. तुम्हीच सांगा, डोंगरातला गडी दगड वाहील ते पाटीतून, घोंगडीतून, फार तर धोतराच्या सोग्यातून. उपरण्यात कोण वाहील? फाटून जाईल ते. पण त्रेसष्टच्या त्रेसष्ट ठिकाणी उपरणंच आहे. कुळी म्हणते हा शब्द कुणीतरी एकदाच घातलाय, आणि तो माणूस डोंगरातला नसावा.”

स्मरणिकेचा मुद्रक कोण आहे, मी विचारलं.

“थांबा हं. सुमुद्रा, कराड. तुम्ही कराडच्याच ना?”

मी हो म्हटलं आणि गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

उपरणं माझ्या बाबांचं. ते कोर्टात कारकून होते आणि रविवारी मंडईतून भाजी आणायची ती उपरण्यात बांधून. पुरुष माणूस एखादी वस्तू कशात बांधून आणेल असं मला कुणी विचारलं असतं तर तेव्हा एकच शब्द सुचला असता. आणि तसं मला कुणीतरी विचारलं होतं. कुणी म्हणजे एका गॅलीनं.

माझी आठवण लांबची आहे असं सगळे म्हणतात. १९६५ साली शेजारच्या घरात कुठलं कपाट होतं ते मी सांगेन. पण ही गोष्ट एकसष्ट वर्षं माझ्याकडे फिरकली नव्हती, कारण ती मला कधी चूक वाटलीच नव्हती. नोकरीचे पहिले महिने होते. समारंभ दुसऱ्या दिवशी, गुरुजी गावी गेलेले, विचारायला कुणी नाही. ‘धोंडी गुरव हिने’ असं वाचून मला वाटलं, महादूअण्णांनी खिळा चुकवला. धोंडी म्हणजे पुरुष. मी ‘याने’ केलं. मग ‘ती’चं ‘तो’ करावं लागलं, ‘एकटीच’चं ‘एकटाच’. आणि मग आला पदर. पदर पाहून तरी मी थांबायला हवं होतं. पण माझ्या हातात लाल शाई होती, तेव्हा मी पदरच बदलला. त्या दिवशी मालकांनी पाठ थोपटली होती. केवढी चूक एका मुलीनं पकडली म्हणून.

हे सगळं आठवणं ठीक, पण आठवण हा संदर्भ धरता येत नाही. हे मी तीन वर्षं रेश्मा गुरवला सांगत आले होते. घळकरिणीचं खरं नाव रेश्मा.

तेव्हा मला पाककृतींची वही आठवली. छापखान्यात वापरून झालेल्या गॅल्यांची मागची बाजू कोरी असे. असे पाठकोरे कागद मी घरी आणायची, कापून, दोऱ्यानं शिवून त्यांची वही करायची आणि आई सांगेल त्या कृती लिहून ठेवायची. दुपारभर बसून मी ती वही उलट बाजूनं वाचली. अनारशांच्या मागं पतपेढीचा अहवाल निघाला, सांडग्यांच्या मागं कुणाचा तरी काव्यसंग्रह. लिंबाच्या बिनतेलाच्या लोणच्याच्या मागं मोरघळ होतं.

‘धोंडी गुरव हिने’. महादूअण्णांनी मूळ प्रत बघून अक्षर अन् अक्षर बरोबर जुळवलं होतं. ‘पदरात दगड भरून ती एकटीच हे काम करी.’ आणि त्यावर चार लाल रेघा, समासात माझं तेव्हाचं गोल गोल, परीक्षेत गुण मिळवणारं अक्षर: याने. उपरण्यात. तो. एकटाच.

मी वही मिटली, कुंड्यांना पाणी घातलं, पुन्हा घातलं. कुणाला काही कळणार नव्हतं. कुळी छापखान्यापर्यंत पोचली होती, माझ्यापर्यंत नाही. दोन दिवस मी लोककोश उघडला नाही. बावीस वर्षांत दवाखान्यात होते ते आठ दिवस सोडले तर असं झालं नव्हतं. लोक हसतील याची मला भीती नव्हती. मी इतकी वर्षं जी गोष्ट सांभाळली असं समजत होते ती माझीच चूक होती, आणि ती मी एका बाईच्या पणजीपासून सांभाळली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी वाटलं, फलक एकदा बोलायला लागला की ती बाई रोज पाण्याला जाताना ते ऐकणार. मग मी खुर्ची ओढली.

आमचा आणखी एक नियम आहे. ज्याचा विषयाशी स्वतःचा संबंध आहे त्यानं लेखाला हात लावू नये, चर्चापानावर विनंती ठेवावी. नवख्या माणसानं ठेवावी तशी मी ठेवली. १९८० साली ही चार ठिकाणची दुरुस्ती मी केली, ती चुकीची होती, मूळ गॅली माझ्याकडे आहे, सदस्य घळकरीण पहिल्यापासून बरोबर आहेत, त्यांच्याविरुद्धची माझी शिफारस मी मागे घेते. शेवटी ‘काना-मात्रा’ असं न लिहिता पूर्ण नाव लिहिलं: पुष्पलता आठल्ये.

तासाभरात एका नव्या संपादकाचं उत्तर आलं. मला तो ओळखत नसावा. ‘आपल्या योगदानाबद्दल मनापासून आभार. तथापि घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी हा संदर्भ धरता येत नाही.’ माझाच मजकूर, स्वल्पविरामासकट. तो किती थंडगार लागतो ते मला पहिल्यांदा कळलं.

मग चार दिवस अकरा जणांचा वाद चालला. एकाचं म्हणणं, घरातला कागद कुणीही आज तयार करील. दुसऱ्याचं, त्रेसष्ट छापील संदर्भांपुढं एक गॅली काय सांगणार. फिरोजनं मला वेगळा फोन करून विचारलं, “काकू, वहीतलं पान फाडावं लागेल. देववेल का?” मी दोरा उसवला, फाडलं नाही. शहरातल्या ग्रंथसंग्रहालयानं तो कागद दाखल करून घेतला, त्याला क्रमांक दिला, कागदाचं आणि शाईचं वय तपासलं आणि दोन्ही बाजूंची चित्रं सगळ्यांसाठी खुली केली. त्यांच्या नोंदीत लिहिलं आहे: ‘गॅली प्रूफ, हस्तदुरुस्तीसह. मागील बाजूस लोणच्याची कृती.’

कुळीनं तो कागद वाचला आणि झाड पुन्हा काढलं. मूळ एक पायरी खाली सरकलं. तळाशी ‘हिने’ आलं. त्यातून एक बारीक लाल देठ निघाला आणि त्या देठावर त्रेसष्ट फांद्यांचा सगळा संभार लटकलेला. देठापाशी यंत्रानं लिहिलं होतं: ‘अज्ञात मुद्रितशोधक’. वाद तिथंच संपला. मजकूर गोठायला दीड दिवस उरला असताना फिरोजनं लेख बदलण्याचा मान घळकरिणीला दिला. बाराव्या खेपेला तिनं ‘हिने’ लिहिलं, खाली गॅलीचा संदर्भ दिला, आणि ते तसंच राहिलं.

दुपारी तिचा फोन आला. तीन वर्षांत आम्ही कधी बोललो नव्हतो. आवाज दणदणीत होता, मागं पाणी वाहत होतं.

“अकरा वेळा, काकू.”

“अकरा वेळा,” मी म्हटलं.

“आणि एकदासुद्धा चिडला नाहीत. तुम्ही चिडला असता ना, तर बरं वाटलं असतं. म्हटलं असतं, माणूस आहे पलीकडं.”

यावर माझ्याकडे ठरलेला मजकूर नव्हता. चुकले, एवढंच मी म्हटलं. मग तिनं सांगितलं की शेतांना पाटाचं पाणी वाटून द्यायचं काम गावात तीच करते. तिच्या आधी सासू करायची, तिच्या आधी तिची सासू. पाटाचं फावडं त्यांच्या घरात सासू सुनेच्या हातात देते, धोंडीपासून. मी म्हटलं, अगं मग हे कधी लिहिलं का नाहीस?

“लिहिलं होतं की. तुम्हीच उडवलं.”

आणि मग आम्ही दोघी एकदमच हसलो. तिनं मला फलक लावायच्या दिवशी बोलावलं. गुडघ्यांचं कारण सांगू नका, घळीपर्यंत गाडी येते, असंही बजावलं.

मी गेले. पाट माझ्या कल्पनेपेक्षा अरुंद होता, जेमतेम हातभर. पण दगड असे बसवलेले की सांध्यात नखसुद्धा जाऊ नये. चुकीचा खिळा एकही नाही, असं माझ्या मनात आलं. फलकावर एक काटक बाई उभी होती, पदराचा झोळ करून त्यात दगड घेतलेली. रेश्मानं फावड्यानं बांध मोडला, पाणी सुटलं, आणि फलकातून शांत, थोडा घोगरा आवाज आला: ‘१८९६ च्या दुष्काळात धोंडी गुरव हिने…’ बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “त्यात नवीन काय सांगितलं?”

घरी परतल्यावर एकच काम राहिलं होतं. झाडावरचं ‘अज्ञात’ मला खुपत होतं. मी चर्चापानावर विनंती ठेवली की त्या जागी माझं नाव घालावं. चूक कुणाची ते लोकांना कळलेलं बरं. दुसऱ्या दिवशी घळकरिणीचं उत्तर आलं: ‘आपल्या योगदानाबद्दल मनापासून आभार. तथापि ते मुद्रितशोधक आपणच होतात, याला संदर्भ हवा.’

मी त्या वाक्याकडे पाहत किती वेळ हसत होते कोण जाणे. शेजारच्या बाई डोकावून गेल्या. नियमाप्रमाणे ती अगदी बरोबर होती. सुमुद्राचं हजेरीपुस्तक कधीच गेलं, महादूअण्णा नाहीत, मालक नाहीत. माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त मी होते.

पुरावा शेवटी तिनंच काढला. कागदाच्या पुढच्या बाजूला लाल शाईत ‘याने, उपरण्यात, तो, एकटाच’. मागच्या बाजूला निळ्या शाईत लिंबाचं लोणचं, आणि खाली, ‘आईनं सांगितल्याप्रमाणे. पुष्पलता आठल्ये, ऑक्टोबर १९८०’. तिनं दोन्हीकडचे ‘ण’ आणि ‘टा’ शेजारी शेजारी ठेवून कुळीला विचारलं. हात एकच, असं कुळीनं सांगितलं. ‘अज्ञात’ गेलं, माझं नाव लागलं. बावीस वर्षांत लोककोशात माझं खरं नाव छापून आलं ते असं, आणि मला ते आवडलं आहे.

चर्चापानावर रेश्मानं समारोप केला. संदर्भ पुरेसा आहे, विषय बंद करत आहे. त्याखाली आणखी एक ओळ होती: ‘कृतीत पन्नास लिंबं, दीड किलो साखर, तिखट सगळं आहे. मिठाच्या पुढं फक्त ‘अंदाजानं’ लिहिलंय. काकू, संदर्भ हवा.’

मी तिला पहिल्यांदाच ठरलेला मजकूर न वापरता लिहिलं: ‘याचा छापील संदर्भ नाही. लिंबं घेऊन ये.’